‘जैन होईल ना?’

कॅम्पातील एका उपाहारगृहाविषयी आमच्या आप्तेष्टांत गेले वर्षभर दोन तट पडले आहेत. महात्मा गांधी रस्त्यालगतच्या एका गल्लीत, जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर ते आहे. पन्नासेक माणसे बसतील एवढी जागा, वेताचे दिवे, लाकडी बाके आणि काचेपलीकडे सर्वांना दिसणारे स्वयंपाकघर. चिनी, जपानी, थाई, कोरियन, व्हिएतनामी असे पाच देशांचे पदार्थ एकाच कार्डावर आहेत. हल्ली अशा ठिकाणांना ‘पॅन-एशियन’ म्हणतात. सर्व काही शाकाहारी, अंडेसुद्धा नाही. थाट बेताचा. महाविद्यालयातील मुले-मुली येतात, तसे दुकान वाढवून परस्पर आलेले व्यापारीही सहकुटुंब येतात. कार्डावरील काही पदार्थांपुढे इंग्रजी ‘जे’ हे अक्षर छापलेले असते. आमच्या घरांत त्या ठिकाणाची चर्चा सुरू झाली, ती या एका अक्षरामुळे.

माझ्या पुतण्याच्या मते पुण्यात याहून चांगले जेवण नाही. याउलट मार्केट यार्डात भुसार मालाची पेढी असलेले माझे एक मित्र शनिवारी रात्री नऊ वाजता तेथे सहकुटुंब गेले. पाऊण तास बाहेर उभे राहिले, आत बसल्यावर आणखी चाळीस मिनिटे गेली, आणि ‘जैन’ म्हणून बजावून सांगितलेल्या नूडल्स आल्या त्या कांद्याच्या पातीसह. परत पाठविल्या, तर पाच मिनिटांत त्याच नूडल्स पुन्हा समोर. पात तेवढी वेचून काढलेली! त्यांनी त्या दिवसापासून त्या जागेचे नाव टाकले आहे. सारसबागेत सकाळी फिरताना कोणी विषय काढला, की ते आजही तितक्याच त्वेषाने ती हकिकत सांगतात. आणि तो त्वेष रास्त आहे.

आमच्या व्याह्यांची तक्रार निराळी. भात चिकट होता, कढी अळणी होती आणि मंचुरियनला ‘आपली’ चव नव्हती. भात चिकटच असावा लागतो, काड्यांनी उचलायचा असतो, हे त्यांना सांगून पाहिले. मंचुरियनचे म्हणाल, तर तो पदार्थ चीनमधला नव्हेच; १९७५ च्या सुमारास मुंबईत नेल्सन वँग यांनी तो प्रथम केल्याचे सांगितले जाते. म्हणजे व्याही ज्या चवीची अपेक्षा करीत होते, ती खरोखरच आपलीच होती. माझ्या सौ.ला तेथील लिंबू-कोथिंबिरीचे सूप फार आवडले. तरीही घरी आल्यावर तिने कुकरला मुगाची खिचडी लावली. पोळीवाचून जेवण संपल्यासारखे वाटत नाही, असे तिचे म्हणणे, आणि त्याला कोणत्याही देशाच्या स्वयंपाक्याजवळ उत्तर नाही.

एकाच स्वयंपाकघरातून इतके भिन्न अनुभव कसे येतात, याचे मला कुतूहल वाटले. मी स्वतः पाच-सहा वेळा गेलो, निरनिराळ्या वेळी गेलो, आणि काचेपलीकडे काय चालते ते पाहत बसलो. निवृत्त माणसाला हा उद्योग परवडतो.

पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी, की कार्डावरील पदार्थांच्या दोन जाती आहेत. काही पदार्थ मागणी आल्यावर कढईत पडतात. वोक नावाची ती खोलगट कढई प्रचंड आचेवर असते. भाजी, भात, नूडल्स तीन-चार मिनिटांत परतून होतात. अशा पदार्थांत कांदा-लसूण न घालणे स्वयंपाक्याच्या हातात असते. दुसऱ्या जातीचे पदार्थ मात्र सकाळीच निम्मे झालेले असतात. थाई कढीचे वाटण घ्या. हिरवी मिरची, लसूण, छोटे कांदे, गवती चहाचे दांडे, आल्यासारखा गलंगल नावाचा कंद, कोथिंबिरीची मुळे हे सर्व एकत्र वाटून ठेवतात. मूळ थाई पद्धतीत त्यात कोळंबीची खारवलेली पेस्टही असते. शाकाहारी ठिकाणी ती वगळतात. रामेन या जपानी सुपाचे पाणी कित्येक तास उकळत असते आणि त्यात कांदा, आले, गाजर आधीच पडलेले असते. डिमसमचे सारण सकाळी भरून ठेवलेले. रात्री आठ वाजता तुम्ही ‘जैन’ म्हणालात, म्हणून सकाळी वाटलेल्या चटणीतून लसूण बाहेर येत नाही. अशा पदार्थाला जो ‘हो’ म्हणतो, तो एकतर वेगळे वाटण राखून आहे किंवा खोटे बोलतो आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. शनिवारी रात्री सगळ्या दालनाचा भार दोन कढयांवर असतो. जैन मागणी आली, की कढई धुवावी लागते, डाव बदलावा लागतो, चिरलेली भाजी वेगळी काढावी लागते. गर्दीत यातले काही ना काही गळते. तेच दुपारी चार ते सहा या वेळात निम्मी बाके रिकामी असतात आणि स्वयंपाकी स्वतः बाहेर येऊन काय हवे ते विचारतो. हे उपाहारगृह दुपारी बंद होत नाही, हा त्याचा मला सर्वांत मोठा गुण वाटतो. पुण्यातील अनेक चांगली ठिकाणे साडेतीनला दार लावतात ती सातला उघडतात. डिसेंबरात तर आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. चौविहार पाळणाऱ्याला ती सगळी दारे बंदच. माझ्याकडे ज्यांनी ज्यांनी या ठिकाणाची स्तुती केली, त्यांना मी वेळ विचारली. बहुतेक जण दिवसाउजेडी गेलेले निघाले. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा हा लाभ शास्त्रात सांगितलेला नसेल, पण आहे खरा.

आता त्या ‘जे’ अक्षराविषयी. पाकिटावरचा हिरवा ठिपका कायद्याने ठरवून दिलेला आहे. ‘जे’ हे अक्षर ज्याने त्याने आपापल्या समजुतीने छापलेले असते. उपाहारगृहांच्या व्यवहारात त्याचा अर्थ साधारण एवढाच, की कांदा, लसूण, बटाटा नाही. आपल्या घरात त्याचा अर्थ किती मोठा आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. मी पाहिलेल्या कार्डावर ‘हनी चिली’ प्रकारातील एका पदार्थापुढे ‘जे’ होते आणि त्यात मध होता. अळिंब्यांच्या पदार्थापुढे ‘जे’ होते. मिसो लावून भाजलेल्या वांग्यापुढेही होते. कमळकाकडी जमिनीखाली, चिखलात वाढते, हे तर त्या कॅप्टनला ठाऊकच नव्हते. तो तिला कमळाचे फूलच समजत होता. व्हिनेगर आणि सोया सॉस आंबवलेले, म्हणून काटेकोर पाळणारी मंडळी तेही घेत नाहीत. असे असता एका अक्षरावर विसंबून पानावर बसणे कठीणच.

आणि हे झाले शुद्ध शाकाहारी ठिकाणाचे. आपली तरुण मुले कचेरीच्या मित्रांबरोबर मिश्र ठिकाणीही जातात, म्हणून येथे लिहून ठेवतो. जपानी सुपांचा मूळ अर्क असतो ‘दाशी’. तो बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांपासून काढतात. कोरियन किमची म्हणजे कोबीचे लोणचेच, असे समजून मुले खातात. परंपरेने त्यात खारवलेली कोळंबी किंवा माशाचा रस पडतो. कच्च्या पपईच्या थाई कोशिंबिरीतही माशाचा रस असतो. ऑयस्टर सॉस कालवांचा. त्याचा शाकाहारी पर्याय मिळतो, पण तो अळिंब्यांचा. डोळ्यांना यातले काहीच दिसत नाही. पानात दिसते ती हिरवीगार भाजी. ज्या वाचकांच्या घरी अशा ठिकाणी पाणीही न पिण्याचा नियम आहे, त्यांना या माहितीची गरज नाही, आणि त्यांचा नियम मला पूर्ण पटतो.

हे सर्व मी इतक्या तपशिलाने पाहू लागलो, त्याला कारण आमच्या वहिनी. वय चौऱ्याहत्तर. गेली चाळीस वर्षे चौविहार, जमीकंदाचा त्याग. चातुर्मासात तर बाहेरचे काहीच नाही. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या हॉटेलात नात्यातील समारंभ होता. ‘जैन काउंटर’ अशी पाटी लावलेली. वहिनींनी तेथील माणसाला विचारले, त्याने मान डोलावली, ‘हो जी, सगळे जैन आहे.’ अर्धी वाटी सूप झाल्यावर तळाशी लसणाचे बारीक तुकडे दिसले. त्यांनी चमचा ठेवला, पदराने तोंड पुसले आणि कोणालाही काही न बोलता गाडीत जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी उपवास केला. दादांनी हॉटेलच्या व्यवस्थापकाला फोन करायचे ठरविले, तर म्हणाल्या, “राहू द्या. चूक त्याची, पण तोंड माझे.”

त्यानंतर त्या बाहेर जेवायला आल्या नाहीत. कोणावर रुसल्या नव्हत्या, तक्रार नव्हती. “तुम्ही जाऊन या, मला गुडघ्यांचा त्रास होतो,” एवढेच सांगत. पण आमच्या एकत्र कुटुंबात वाढदिवस, परीक्षेचे निकाल, दुकानाचा वर्धापनदिन असे वर्षातून आठ-दहा प्रसंग बाहेर साजरे होऊ लागले आहेत आणि प्रत्येक वेळी घरातील सर्वांत वडील स्त्री एकटी मागे राहू लागली. मग दादा राहू लागले. नंतर मोठी सूनही काही ना काही निमित्त काढून घरी थांबू लागली. मुलांच्या ध्यानात आले नसेल, पण माझ्या आले: टेबलाभोवतीची माणसे दर वेळी एक-दोनने कमी होत होती.

अखेर गेल्या कार्तिकात नातीने हट्ट धरला, की आजी आल्याशिवाय केक कापणार नाही. मंगळवारी पावणेपाच वाजता आम्ही अकरा जण कॅम्पात पोहोचलो. वाढायला एक मुलगी होती, कालिम्पाँगकडची, वीस-बावीस वर्षांची. पुतण्याने आल्या आल्या थाई हिरवी कढी आणि भात सांगितला. कार्डावर पुढे ‘जे’ स्पष्ट छापलेले. वहिनींनी आपला नेहमीचा प्रश्न विचारला, “जैन होईल ना?” ती मुलगी क्षणभर थांबली, आत जाऊन आली आणि वहिनींजवळ वाकून म्हणाली, “आंटी, इसका पेस्ट सुबह बनता है. प्याज-लसुन, जड़ें, सब पीसा हुआ है. कार्ड पे लिखा है, लेकिन मैं आपको नहीं दूँगी.”

पुतण्या चिडला. “छापले आहे तर द्यायला हवे, मालकाला बोलवा,” असे म्हणू लागला. मागे उभा असलेला कॅप्टनही तिच्याकडे डोळे वटारून पाहत होता. त्याला ती कढी ‘होऊ’ शकत होती. मी मात्र त्या मुलीकडे निरखून पाहत राहिलो. अडतीस वर्षे बँकेत काढली. ‘होईल, होईल’ म्हणत कर्जदाराला तीन महिने झुलवत ठेवणारे अधिकारी पाहिले आणि पहिल्याच भेटीत ‘या तारणावर एवढी रक्कम मिळणार नाही’ असे सांगणारेही पाहिले. आपल्या व्यापारी मंडळींना यातील फरक समजावून सांगायला नको. ‘हा माल आज चांगला नाही, नेऊ नका’ असे सांगणाऱ्या दुकानात गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी डोळे झाकून जाते.

वहिनींनी पुतण्याला हातानेच थांबविले आणि त्या मुलीला विचारले, “मग काय बनेल, बेटा?”

तिने तीनच पदार्थ सांगितले. कच्च्या पपईची कोशिंबीर. ती खलबत्त्यात ऐन वेळी कुटतात, खलबत्ता धुऊन देते म्हणाली. तांदळाच्या पातळ कागदासारख्या पापुद्र्यात गुंडाळलेल्या काकडी, ढोबळी मिरची आणि टोफूच्या वळकट्या. त्याबरोबरच्या शेंगदाण्याच्या चटणीत लसूण आहे, तेव्हा ती नको, लिंबू-मीठ घ्या. आणि साधा वाफवलेला भात, त्यावर फरसबी, बेबी कॉर्न. सोया सॉसशिवाय, मिरपूड घालून. वहिनी काचेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. खलबत्ता धुताना पाहिला, कढई धुताना पाहिली. मग येऊन बसल्या आणि दोन वर्षांनंतर आम्हा सर्वांच्या पंगतीत जेवल्या. कोशिंबीर आंबट-तिखट होती. नातीच्या ताटातलीही त्यांनी थोडी घेतली. साडेपाच वाजता पाणी पिऊन, घड्याळ पाहून पच्चक्खाण घेतले. केक त्यांनी घेतला नाही, पण कापताना टाळ्या वाजविल्या.

घरी परतताना त्यांनी मला विचारले, “त्या लोकांत आपल्यासारखे पाळणारे कोणी नसतीलच का?” मला थोडेफार माहीत होते ते सांगितले, उरलेले नंतर वाचून सांगितले. जपानच्या झेन मठांत ‘शोजिन’ नावाची स्वयंपाकाची परंपरा आहे. मांस-मासे नाहीत, कांदा-लसणाच्या जातीचे उग्र पदार्थही नाहीत. दोगेन या आचार्यांनी १२३७ मध्ये केवळ मठातील स्वयंपाक्याच्या कर्तव्यांवर लेखन केले आहे. व्हिएतनाममध्ये अनेक बौद्ध कुटुंबे चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात, आपल्या तिथींसारखेच. आणि गंमत म्हणजे थायलंडमध्ये अशा शुद्ध आहाराला म्हणतात ‘जे’. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात तेथे नऊ दिवसांचा उत्सव असतो. फुकेतमध्ये तो विशेष मोठा. पिवळ्या पताकांवर लाल रंगात ‘जे’ हा शब्द लिहिलेला असतो, आणि त्या अन्नात मांस, अंडे, दूध तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. थायलंडच्या सहलीस जाणाऱ्या आपल्या मंडळींनी तो शब्द ओळखून ठेवावा. मात्र मुळा, अरवी, कमळकाकडी, अळिंबी त्यांना चालतात. तेव्हा तेथेही विचारल्यावाचून सुटका नाही. तेथील भिक्षू मध्यान्हानंतर अन्न घेत नाहीत, हे ऐकल्यावर वहिनी म्हणाल्या, “म्हणजे आपल्यापेक्षाही लवकर!” आणि बराच वेळ त्यावर विचार करीत राहिल्या.

बिलाविषयी दोन शब्द, कारण त्यावरूनही मतभेद होते. पदार्थांचे दर वाजवी आहेत, पण तळाशी सेवा शुल्क लावलेले होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते ग्राहकाच्या इच्छेविरुद्ध लावता येत नाही आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना उचलून धरल्या आहेत. सांगताच त्यांनी ते वजा केले. तेवढीच रक्कम दादांनी त्या मुलीच्या हातात दिली.

नंतर मी मालकांना एक पत्र लिहिले. कोणत्या पदार्थापुढील ‘जे’ का चुकीचे आहे, हे एकेक करून मांडले आणि त्या मुलीचे कौतुकही केले. कॅप्टनच्या मनात काही राहिले असेल तर तिला त्रास होऊ नये, हा हेतू होता. उत्तर आले नाही. दोन महिन्यांनी गेलो, तेव्हा कार्ड नवे होते. पूर्वी एकोणीस पदार्थांपुढे ‘जे’ होते, आता सात पदार्थांपुढे आहे. खाली बारीक अक्षरांत ‘मध, अळिंबी, कंदमूळ नाही’ अशी ओळ आहे. ती मुलगी अजून तेथे आहे.

यावरून आप्तेष्टांत नवा वाद सुरू झाला आहे. व्याही म्हणतात, एकोणिसाचे सात केले म्हणजे त्यांना आता जैन गिऱ्हाईक नकोसे झाले. माझे भुसार व्यापारी मित्र तर म्हणतात, पात वेचून देणाऱ्याच्या कार्डावर सात असोत की सत्तर, माझ्या लेखी शून्य. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. शनिवारची रात्र त्यांनी भोगली आहे, मी नाही. येत्या मंगळवारी पाच वाजता आमच्याबरोबर यायचे मात्र त्यांनी कबूल केले आहे. घरून जेवून येणार, असेही बजावले आहे.